पॅक घर

माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, एका शब्दावर फार जीव. तो शब्द ‘पॅक’. दार नीट लागलं की पॅक, पोट भरलं की पॅक, भांडणात समोरच्याला बोलू दिलं नाही की त्यालाही पॅक केलं म्हणायचे. गोंदियात त्यांचं सिमेंट आणि रंगाचं दुकान होतं. दुकानाच्या जोडीला लहानमोठी बांधकामं घ्यायचे, त्यामुळे स्वतःला इंजिनिअर म्हणवून घ्यायला त्यांना काही अडचण वाटत नसे. दहावीत गणितानं त्यांचा हात सोडला होता, हे सासरे चारचौघांत सांगायचे आणि हसायचे. भासरेही हसायचे. लाज त्या माणसाच्या अंगाला चिकटतच नव्हती.

मी लग्न होऊन त्या घरात आले ती नव्याण्णवच्या उन्हाळ्यात. माहेर नागऱ्याचं, गोंदियापासून जवळ, पक्क्या विटांच्या घराचं. सासर केशोरीच्याही पुढे, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि तलाव यांच्या मध्ये. घराच्या मागे वाडी, वाडीच्या मागे तलावाची पाळ. भिंती मातीच्या, हातभर जाड, वर कवेलू, म्हणजे कौलं. भिंत संपते आणि छप्पर सुरू होतं तिथे चारही बाजूंनी मोकळी फट होती. तिच्यातून धूर बाहेर जायचा आणि चिमण्या आत यायच्या. दिवाळीच्या आधी भिंतींना छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि जमीन शेणानं सारवायची, हे काम घरातल्या बायकांचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, जाऊ गोंदियाला, त्यामुळे ‘बायका’ म्हणजे मी एकटी.

ते सगळं फार सुंदर होतं असं हल्ली शहरातली माणसं मला सांगतात. सांगोत बापडी. सारवून सारवून माझ्या बोटांना भेगा पडायच्या आणि त्यात मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. फटीतून उंदीर यायचे. एकदा साप आला आणि चुलीमागे बसला. हिवाळ्यात तलावावरून धुकं उठायचं, गावात त्याला धुवारी म्हणतात. धुवारी पडली की उन्हं वर येईस्तोवर आमच्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर तर सोडाच, समोरचं लिंबाचं झाडही दिसत नसे, आणि घर गार पडायचं. पावसाळ्यात भिंतीचा खालचा भाग काळवंडायचा, मग ऑक्टोबरच्या उन्हात आपला आपण वाळायचा. घर एकंदरीत कोरडं असायचं, पण त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही. कोरडं घर ही काय बोलायची गोष्ट?

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एका उन्हाळ्यात भासरे जीप घेऊन आले. जीपच्या मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सिमेंटच्या गोण्या. आधी कळवलं नव्हतं. आले, अंगणात खुर्ची मागवली, पाय पसरले आणि सासऱ्यांना म्हणाले,

“बाबूजी, घर पॅक करून टाकू.”

गोंदियाला गेल्यापासून ते बाबांचे बाबूजी करून बसले होते.

“ओल कुठून येते? बाहेरून. मंग बाहेरचं बंद करा. थंडी कुठून येते? फटीतून. मंग फट बंद करा. ओल नाई, थंडी नाई, उंदीर नाई. टोटल पॅक. गोंदियात सगरे असंच करून राहिले.”

सासरे एरवी कोणाचं ऐकणारे नव्हते. सगळं गाव त्यांच्या तोंडाला भिऊन असायचं. पण पोरानं सिमेंट आणलं म्हटल्यावर म्हातारा विरघळला. “कर मंग,” म्हणाले. “माहा लेक लोकाइचे बंगले बांधते, आनि मी काऊन मातीत राहू?”

आमच्याकडे सून भासऱ्यासमोर बोलत नाही. मी बी.ए. झालेली, पण डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहायची. काही सांगायचं असलं तर नवऱ्याला सांगायचं, मग तो त्यांना सांगणार. नवरा गावच्या शाळेत मास्तर. वर्गात तो मोठ्यानं बोलत असेल, भावासमोर त्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा व्हायचा.

मी दाराआडून म्हटलं, “त्यांना विचारा, फट बंद केली तर भाताची वाफ कुठून जाणार? चुलीचा धूर?”

नवऱ्यानं भावाकडे पाहिलं. “दादा, हे म्हणून राहिली का वाफेचं... म्हंजे जराक पाहून घेशीन.”

“तिले सांग, खिडकी आहे. आनि गॅस घे म्हणा.”

मी तिथेच, दोन हातांवर उभी होते. मला ऐकू येत होतं. तरी नवरा वळला आणि मला म्हणाला, “दादा म्हणते, खिडकी आहे.”

स्वयंपाकघराची ती एकुलती एक खिडकी तलावाकडे उघडायची.

सारा उन्हाळा घरात सिमेंट उडत होतं. बाहेरून सगळ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर झालं. आतून प्लास्टर, त्यावर पिस्ता रंगाचा ऑइल पेंट, हात लावला तर बोट घसरावं असा गुळगुळीत. छपराखालची फट विटा घालून बुजवली. कवेलूच्या खाली थर्माकोलचं छत ठोकलं, ‘उब राहाते’ म्हणून. जमिनीवर फरशी आली. अंगणात मुरूम टाकून ते उंच केलं आणि त्यावरही सिमेंट ओतलं. ते ओतताना उतार कुठल्या बाजूला ठेवायचा याचा विचार भासऱ्यांनी केला नाही. तो घराकडे झाला. पहिल्याच वळवाच्या पावसात अंगणातलं पाणी भिंतीशी येऊन साचलं, तर म्हणाले, “जमीन बसते अजून. सहा महिन्यात लेव्हल होते.”

फक्त गुरांचा कोठा राहिला. नवऱ्यानं विचारलं तर भासरे म्हणाले, “ढोराइले कायले सिमेंट?” आणि उरलेल्या गोण्या ट्रॅक्टरमध्ये टाकून परत घेऊन गेले.

घर पाहायला गाव लोटलं. सासरे ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याला भिंतीवर हात फिरवायला लावायचे. “पाय, पाय. काच आहे काच.” मलाही पहिले काही महिने बरं वाटलं, ते नाकारून काय करू? सारवण सुटलं होतं. उंदीर गेले. फडक्यानं पुसलं की फरशी चकाकायची.

मग डिसेंबर आला आणि धुवारी पडायला लागली.

एके सकाळी मी चहा ठेवायला उठले तर भिंत घामेजलेली. वरपासून खालपर्यंत पाण्याचे थेंब, काही ठिकाणी ओघळ. कोणी बादलीनं पाणी मारून गेलं असावं असं वाटलं. पुसलं. चहा होईपर्यंत पुन्हा थेंब. खिडकी उघडली तर तलावावरचं पांढरं धुकं सरळ आत आलं. खिडकी लावली तर भाताची वाफ भिंतीवर बसली. त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी भिंत पुसायची. आधी जमीन सारवत होते, आता भिंत पुसत होते. एवढीच प्रगती आमच्या घरात झाली.

काडेपेटीची काडी ओढली की गूल निघून यायचं, पेटायची नाही. मीठ पाणी सोडायचं. लोखंडी पेटीतली माझी लग्नाची साडी घडीवर काळे ठिपके पडून गेली. पापड मऊ. धानाचं बियाणं मधल्या खोलीत ठेवलेलं, त्याला कुबट वास यायला लागला. पुढच्या पावसाळ्यात ऑइल पेंटला फोड आले. मोठे, पुरी फुगते तसे. बोटानं दाबला की फुटायचा आणि आतून तांबूस पाणी भिंतीवरून वाहायचं. खाली फरशीलगत लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटणाऱ्या खाराची, पांढरी भुकटी. एका कोपऱ्यात तर प्लास्टर वाजवलं की पोकळ आवाज यायचा. मागची माती सुटली होती आणि सिमेंट एकटंच उभं होतं.

भासरे आले की आधी जेवायचे. जेवण झाल्यावर दात कोरत भिंतीजवळ जायचे, बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि डोळे बारीक करायचे.

“घरात ओले कपडे वाळू घालते का?”

प्रश्न मला, पण तोंड नवऱ्याकडे.

“पावसाळ्यात कुठं घालीन मंग?” मी दाराआडून.

“दादा, जराक घालते म्हणते,” नवरा.

“तेच तर. बायका हा विचार नाई करत. भात मांडते, झाकन नाई ठेवत. वाफ सोडते. आता सिमेंटनं का करावं?”

म्हणजे दोष माझ्या भाताचा. सासरेही मान डोलवायचे. गावभर ‘काच आहे काच’ म्हणून झालेलं होतं, आता कोणत्या तोंडानं सांगणार की काच फुटली?

मग उपचार सुरू झाले. एकदा भासऱ्यांनी डबा आणला. त्यातलं निळसर पाणी भिंतीला मारायचं होतं, मग म्हणे शंभर वर्षं ओल येत नाही. ती दिवाळीला आली. नंतर त्यांनी मधल्या खोलीत कमरेपर्यंत चिनी मातीच्या टाइल्स लावल्या, मुतारीत लावतात तशा पांढऱ्या. ओल टाइल्सच्या मागून वर चढली आणि टाइल्स संपतात तिथे बाहेर आली. पूर्वी ती गुडघ्यापर्यंत असायची, आता माझ्या खांद्याला आली. ते पाहून भासरे म्हणाले, “आता कसं, वर आली ना? म्हंजे खालून पॅक झाली.” मी दाराआड होते. हसू आलं म्हणून पदर तोंडात कोंबला आणि त्याच वेळी त्या माणसाची इतकी घृणा आली की हातातली कपबशी त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

नवऱ्याला विचारलं, “तुम्हाला दिसत नाही का?”

“दिसते. पण दादाचा तो धंदाच आहे. आपल्याले का समजते त्यातलं?”

भूगोल शिकवायचा हा माणूस. बाष्प, धुकं, दव पोरांना पाठ करून घ्यायचा.

या सगळ्यात खरे हाल झाले ते सासऱ्यांचे. त्यांची छाती आधीपासून नाजूक होती, पण दोन हिवाळ्यांत दमा बळावला. मधल्या खोलीत त्यांची खाट होती, उत्तरेच्या भिंतीला लागून. सगळ्यात ओली भिंत तीच. पहाटेपासून खोकला लागायचा तो उन्हं पडेपर्यंत. उशीच्या अभ्र्यावर काळी बुरशी धरायची. मी अभ्रे उकळून काढायची, चार दिवसांत पुन्हा तेच. तालुक्याच्या डॉक्टरनं छाती तपासली, औषध दिलं आणि विचारलं, “खोली कोरडी आहे ना?”

“एकदम,” सासरे म्हणाले. “पोरानं सिमेंटची करून देल्ली.”

मी शेजारी बसले होते. “डॉक्टर, भिंतीतून पाणी येते,” म्हटलं. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी त्यांची चोरीच पकडली होती.

त्याच थंडीत आमची गाय व्यायची होती. सासऱ्यांना गुरांचं भारी वेड. गाय कधीही व्याली असती, म्हणून ते खाट घेऊन कोठ्यात गेले. मी अडवलं, घरात खोकता तर कोठ्यात काय होईल म्हटलं. “तुले कोनं विचारलं?” म्हणाले. 

सकाळी मी जागी झाले आणि घाबरले. घरात खोकल्याचा आवाज नव्हता. तशीच धावत कोठ्यात गेले. बाहेर धुवारी इतकी की हात लांब केला तर बोटं दिसेनात. कोठ्यात गाय उभी, वासरू तणसावर, भाताच्या पेंढ्यावर बसलेलं, आणि खाटेवर घोंगडी पांघरून सासरे घोरत होते. तोंड उघडं, छाती शांत. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. जागे झाले तेव्हा पहिलं वाक्य, “गोऱ्हा झाला. पाह्यलास?” खोकला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, वासराकडे लक्ष ठेवायला पाहिजे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गाईला थंडी वाजते. आठवड्यानं मी विचारलं, “मामाजी, गाय बरी आहे, गोऱ्हा उड्या मारून राहिला. आता घरात कधी येता?”

“नाई येत.”

“काऊन?”

ते गोऱ्ह्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “इथं दम नाई लागत. पन बाहेर कोनाले सांगू नोको.”

मी कोठ्याच्या भिंतीला हात लावला. माती गार होती, पण कोरडी. वर फट तशीच मोकळी, त्यातून धुकं आत येत होतं आणि जातही होतं. छुईचा पातळ हात अजून भिंतीवर होता. पडताळून पाहायला मी घरातली काडेपेटी नेली, दोन दिवस कोनाड्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी पहिल्या ओढीत पेटली. त्याच दिवशी बियाणाची पोती, पापडाचे डबे आणि साड्यांची पेटी मी कोठ्यात हलवली. डॉक्टरला कळलं असतं तर शेणात झोपवलं म्हणून मला झोडपलं असतं. पण मला त्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता, डॉक्टरला येत नव्हता.

अशी एक-दोन वर्षं गेली. सासरे कोठ्यात, आम्ही घरात भिंती पुसत. भासऱ्यांना हे माहीत होतं. त्यांना वडलांच्या दम्याची चिंता नव्हती, ‘लोक काय म्हणतील’ याची होती. “बाबूजी, जिद्द सोडा, घरात चला,” एवढं दर वेळी म्हणायचे आणि जेवायला बसायचे.

मग त्यांच्या मुलीचं लग्न जुळायला आलं. मुलाचे वडील आमगावकडचे, भातगिरणीचे मालक. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी तर पाहिली, आता एकदा मूळ घर आणि आजोबांना पाहायचं आहे. भासरे दोन दिवस आधीच येऊन धडकले. फोडांवर आणि प्लास्टर गळून पडलं तिथे ओल्या मातीवरच नवा रंग मारला, ओल्या भिंतीपुढे कपाट सरकवलं, खोल्याखोल्यांत उदबत्त्या लावल्या. कुबट वासात उदबत्तीचा वास मिसळला आणि घराला मयताच्या घराची कळा आली.

“बाबूजी, उद्या एक दिवस घरात बसा,” भासरे कोठ्याच्या दारात उभे राहून सांगत होते. आत येत नव्हते, बुटाला शेण लागेल म्हणून. “पाव्हने येऊन राहिले. बापाले कोठ्यात ठेवलं म्हणतीन.”

“म्हणू दे.”

“माझी इज्जत का राहीन?”

“तुई इज्जत भिंतीत भरून ठेवली ना तू? थेच पाझरून राहिली.”

हे म्हणून सासरे स्वतःच हसले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. त्या दिवशी मला कळलं की म्हाताऱ्यानं आपली बढाई गिळून टाकली होती आणि आता त्याला कोणाची भीती उरली नव्हती.

पाहुणे आले तेव्हा धुवारी नुकती विरत होती. गिरणीमालक अंगानं भरलेले, पांढराशुभ्र शर्ट-पायजमा. बरोबर त्यांची बायको. भासरे, माझी जाऊ आणि त्यांची मुलगी, सगळे नटूनथटून. पुढच्या खोलीत बसले. खोली भासऱ्यांनी पॅक करून ठेवली होती, दार-खिडकी बंद, पडदे ओढलेले. पाहुणे भिंतीला टेकून ऐसपैस बसले. भासरे नागपूरच्या कुठल्या तरी बंगल्याच्या गोष्टी सांगत होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन आत गेले. पाहुणे पुढे वाकले बशी घ्यायला, आणि त्यांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पिस्ता रंगाचा ओला पट्टा. रंगाचे पापुद्रे, थोडी माती. नवा रंग मुळात वाळलाच नव्हता, त्या भिंतीवर तो कधी वाळणारही नव्हता.

त्यांच्या बायकोनं पाहिलं. “अजी, पाठ पाहा तुमची.”

पाहुण्यांनी शर्ट ओढून पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं, मग बोटानं भिंत दाबली. बोट आत गेलं. खरंच गेलं, पेरभर. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “आजोबा कुठं आहेत? त्याइले भेटू.”

भासरे उठले, “बाबूजी जराक ढोराकडे... मी बोलावतो,” म्हणेपर्यंत पाहुणे माझ्या मागोमाग वाडीत आले होते.

कोठ्यात सासरे खाटेवर पाय दुमडून बसले होते. धुतलेलं धोतर मीच सकाळी दिलं होतं. पाहुण्यांनी पाया पडून खाटेवरच बैठक मारली. बैलांची चौकशी झाली, धानाची झाली. पाहुण्यांची बायको तणसाच्या गंजीवर ऐसपैस बसली. मुलगीही आजोबांजवळ जाऊन बसली. वरच्या फटीतून ऊन आत येत होतं. भासरे शेवटी नाइलाजानं आत आले, बूट सांभाळत. पुढच्या खोलीतला चहा मी कोठ्यात आणला.

पाहुण्यांनी कप घेतला आणि भासऱ्यांना विचारलं, “घराचं ते काम कोनं केलं जी?”

प्रश्न साधा होता. आवाजात टोमणा नव्हता. भासऱ्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

“होता एक ठेकेदार. एकदम नालायक मानूस. पैसे घेऊन पराला.”

माझ्या हातात ट्रे होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो गाईच्या शिंगांकडे पाहत होता. सासऱ्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याच्याशी सरळ बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

“पराला कुठं, भाऊजी? तुमीच त केलं.”

गोऱ्ह्याच्या गळ्यातली घंटी वाजली तेवढीच. मग पाहुण्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. त्यानंतर मुलगी हसली, बापाच्या तोंडावर, अगदी खळखळून. सासरे तर खाटेवर आडवेच झाले. पाहुण्यांनी चहा संपेपर्यंत मान खाली ठेवली, पण त्यांचा कप बशीत थरथरत होता.

भासऱ्यांचं तोंड तांबडंलाल झालं. तेव्हाही ते माझ्याशी बोलले नाहीत. नवऱ्याला म्हणाले, “हिले बोलाले कोनं सांगतलं?”

नवऱ्यानं घसा साफ केला. मी वाट पाहत होते. तो म्हणाला, “चहा घे दादा, थंडा होऊन राहिला.”

एवढी त्याची मर्दुमकी. तरी त्यानं मला आत जा म्हटलं नाही, हे मी त्याच्या नावावर लिहून ठेवलं.

लग्न जुळलं. पाहुण्यांच्या बायकोला हसणारी मुलगी आवडली म्हणे. भासऱ्यांनी मात्र लग्नापर्यंत आणि त्यानंतरही बरेच दिवस आमच्या घराचं नाव टाकलं. मला फार सुखाचे दिवस होते ते.

त्या उन्हाळ्यात मी छन्नी-हातोडी घेतली आणि मधल्या खोलीपासून सुरुवात केली. नवरा म्हणाला, “दादाले एकदा विचारून...” तोपर्यंत पहिली टाइल खाली पडली होती. टाइल्सच्या मागे भिंत नव्हतीच, मातीचा गारा होता. बोटानं खरवडला तर ओंजळीत येत होता, आणि त्यात उधईची, म्हणजे वाळवीची बिळं. उत्तरेची भिंत तर इतकी पोखरली होती की ती पाडूनच काढावी लागली. गावातले दोन मजूर घेतले, पंधरवड्यात पुन्हा मातीची भिंत उभी केली. बाकीच्या भिंतींचं प्लास्टर बाहेरून-आतून उतरवलं आणि त्या तशाच उघड्या ठेवल्या. एप्रिल-मेच्या उन्हात त्यांच्यातून ओल निघत होती, अन् वास असा की कुत्रंही अंगणात थांबेना. घर नागडं दिसत होतं. येणारेजाणारे विचारायचे, “का झालं जी, जाळपोळ झाली का?” सासरे कोठ्यातून ओरडायचे, “नाई, इंजिनिअर आल्ता.”

नवराही पुढे हातोडी घेऊन आला. शाळेला सुट्टी लागली म्हणून आला असं तो सांगतो. अंगणातलं सिमेंट त्यानं फोडलं, भिंतीलगत नाली खणली, पाणी वाडीकडे वळवलं. छपराखालच्या विटा काढल्या आणि फटीला बारीक जाळी ठोकली, कारण साप मला तेव्हाही नको होता. स्वयंपाकघरातली फरशी मी ठेवली. गुडघ्यावर बसून सारवण्याची हौस मला उरली नव्हती, आणि त्यापायी त्या एका कोपऱ्यात अजूनही पावसाळ्यात ओल येते. येऊ दे. भिंतींना माती लिंपली, वर छुई. पुढच्या धुवारीत घर गार पडलं, पूर्वीसारखंच. आम्ही घोंगड्या पांघरल्या. सकाळी भिंतीला हात लावला तर कोरडी.

सासरे मात्र घरात परत आले नाहीत. भिंत दाखवली, खाट मांडून दिली, गादी घातली. म्हणाले, “इथंच बरा हाओ.” त्यांनी अजून चार-पाच हिवाळे काढले आणि एका मे महिन्यात, उन्हानं, दोन दिवसांच्या तापात गेले. कोठ्यातच.

दहाव्याला भासरे आले. मंडपात बसून ते लोकांना सांगत होते, “बाबूजीला कोठ्यातच गोड वाटायचं. काय करता, जुनी मानसं. मी तर खास त्याइच्यासाठी तिथं पंखा लावून देल्ला होता.”

मी पत्रावळी आणत होते. काही बोलणार इतक्यात माझ्या मागून नवऱ्याचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मंडपात सगळ्यांना ऐकू गेला.

“पंखा मी लावला, दादा.”

भासऱ्यांनी मान हलवली, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “तेच तर म्हणून राहिलो. आपन लावला.”